ईस्टर बेटाच्या मातीतून कर्करोगाच्या जनुकांकडे

कर्करोग म्हणजे पेशींचं बेसुमार विभाजन, ही व्याख्या शाळेच्या पुस्तकापासून दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत सगळीकडे सापडते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी तिच्यात दोघींना पुरेल एवढा ऐवज तयार व्हावा लागतो, आणि पाणी वगळलं तर त्या ऐवजाचा सर्वांत मोठा हिस्सा प्रथिनांचा असतो. वाढ न होता विभाजन चालूच राहिलं, तर दर पिढीला पेशी आकाराने निम्म्या होत जातील. फलित अंड्यात सुरुवातीला तसं घडतं खरं, पण ते आधीपासूनचा साठा घेऊन आलेलं असतं, म्हणून निभावतं. बाकीच्या पेशींना आधी वाढावं लागतं. ही वाढ कोणाच्या ताब्यात असते, हा प्रश्न १९९०च्या दशकापर्यंत फारसा कोणी विचारलाच नाही. पेशीला खाद्य मिळालं की ती वाढते, त्यात नियंत्रण कसलं, असंच बहुतेकांनी धरून चालवलं होतं.

खुणा मात्र डोळ्यांसमोर होत्या. इटलीतले विकृतिशास्त्रज्ञ ज्युसेप्पे पियानेसे यांनी १८९६ मध्येच नोंदवलं होतं, की कर्करोगाच्या पेशींत केंद्रकाच्या आत असणारी केंद्रिका फुगलेली दिसते. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना आजही ही खूण पाहिली जाते. केंद्रिका म्हणजे रायबोसोमच्या जुळणीला सुरुवात होण्याची जागा, आणि रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं. एका मानवी रायबोसोममध्ये सुमारे ८० प्रथिनं आणि ४ आरएनए असतात. प्रयोगशाळेत जोमाने वाढणाऱ्या हेला पेशी मिनिटाला सुमारे ७५०० रायबोसोम-उपघटक तयार करतात. पेशीच्या सगळ्या कारभारात याहून महागडं काम क्वचितच दुसरं असेल. केंद्रिका फुगली आहे याचा अर्थ पेशीने हे महागडं काम वाढवलं आहे, एवढा निष्कर्ष काढायला जगाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. दोष पियानेसे यांचा नाही. रायबोसोम काय असतो हेच त्यांच्या काळात कोणाला ठाऊक नव्हतं.

१९७७ मध्ये जॉन्स्टन, प्रिंगल आणि हार्टवेल यांनी यीस्टवर केलेलं काम मला या कथेतलं पहिलं ठाम पाऊल वाटतं. विभाजन अडवून धरलं तरी यीस्टच्या पेशी वाढत राहतात, पण वाढ अडवली की विभाजनही थांबतं, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे या जोडीत वाढ पुढे आणि विभाजन मागे. तरीही पुढची पंधरा-वीस वर्षं संशोधनाचा सगळा ओघ विभाजनाच्या बाजूने वाहिला. त्याला कारणही होतं. विभाजनाच्या चक्राचे धागेदोरे झपाट्याने हाती लागत होते, आणि २००१ चं नोबेल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना त्यासाठीच मिळालं. त्यातले टिम हंट यांना १९८२ मध्ये विभाजनाचं चक्र चालवणारं सायक्लिन हे प्रथिन सापडलं ते समुद्री साळिंदराच्या फलित अंड्यात प्रथिनं कशी बनतात हे पाहताना. प्रथिननिर्मितीचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती विभाजनाची किल्ली लागावी, यातच दोन्ही गोष्टींचं नातं दिसायला हवं होतं.

वाढीची किल्ली दुसऱ्याच दिशेने येत होती, आणि तिचा प्रवास सुरू झाला होता पॅसिफिक महासागराच्या मधोमध. १९६४ च्या अखेरीस कॅनडाची एक वैद्यकीय मोहीम ईस्टर बेटावर, म्हणजे स्थानिकांच्या रापा नुईवर उतरली. बेटावर विमानतळ होणार होता. जगापासून तुटून राहिलेल्या त्या लोकांचं आरोग्य बाहेरचा संपर्क वाढण्याआधी नोंदवून ठेवावं, हा स्टॅन्ली स्कोरिना यांच्या नेतृत्वाखालच्या या मोहिमेचा उद्देश होता. तुकडीतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जॉर्जेस नोग्रादी यांना वेगळंच कुतूहल होतं. बेटावर माणसं अनवाणी फिरतात, घोडे मोकाट असतात, तरी धनुर्वात कसा दिसत नाही? म्हणून त्यांनी बेटाचे भाग पाडले आणि ६७ ठिकाणची माती गोळा केली. ही माती पुढे मॉन्ट्रियलमधल्या एअर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचली.

तिथे तिच्यावर काम करणाऱ्यांत सुरेंद्रनाथ सेहगल होते. जन्म आजच्या पाकिस्तानातल्या खुशाबचा, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचं, पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाची पीएच.डी., आणि मग कॅनडा. मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासून या गटाने एक बुरशीनाशक द्रव्य वेगळं काढलं, बेटाच्या नावावरून त्याचं नाव रापामायसिन ठेवलं आणि १९७५ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. बुरशीवरचं औषध म्हणून ते चालण्यासारखं नव्हतं, कारण शरीराची प्रतिकारशक्तीच ते दाबत होतं. सेहगल यांनी नमुना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे पाठवला. उत्तर उत्साहाचं आलं: घट्ट गाठींवर या द्रव्याचा परिणाम दिसत होता. तरी कंपनीने लक्ष घातलं नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली आणि रापामायसिनचं काम गुंडाळण्यात आलं. सेहगल यांनी शेवटची एक खेप तयार करून घेतली, तिच्या कुप्या घरी नेल्या आणि ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी लावून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. कुटुंबासोबत तो साठा न्यू जर्सीला गेला. कंपनीचं विलीनीकरण होऊन नवे अधिकारी आल्यावर सेहगल पुन्हा त्यांच्यामागे लागले, आणि १९८८ मध्ये काम परत सुरू झालं. १९९९ मध्ये मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये यासाठीचं औषध म्हणून अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

सेहगल यांना स्वतःलाच १९९८ मध्ये आतड्याचा कर्करोग झाला, तो पसरला, आणि त्यांनी आपलंच औषध घ्यायला सुरुवात केली. काही वर्षं बरी गेली. औषधामुळेच बरं आहे का हे तपासायला त्यांनी ते थांबवलं आणि आजार उलटला. जानेवारी २००३ मध्ये ते गेले. एका माणसाच्या अनुभवावरून औषधाबद्दल काही सिद्ध होत नाही, हे ते स्वतः जाणत होते. पण कंपनीने टाकून दिलेलं द्रव्य जपणारा हा माणूस नसता, तर पुढे सांगणार आहे त्यातलं बरंचसं घडायला आणखी किती वर्षं लागली असती, याचा विचार मला अस्वस्थ करतो. तशीच अस्वस्थता रापा नुईच्या लोकांबद्दल वाटते. त्यांच्या मातीवर मोठा औषध-व्यवसाय उभा राहिला, त्यात त्यांचा वाटा काही नाही. ज्यांनी माती आणली त्यांची नावंही १९७५ च्या त्या निबंधात नाहीत. बेटावर या शोधाची आठवण सांगणारा एक फलक आहे, तो ब्राझीलच्या संशोधकांनी लावलेला.

रापामायसिन पेशीत नेमकं कुठे घाव घालतं, याचं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात मिळालं. जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी रापामायसिन टाकूनही न मरणारे यीस्ट शोधले आणि त्यांच्या कोणत्या जनुकांत बदल झालाय ते पाहिलं. १९९१ च्या त्यांच्या निबंधात टॉर १ आणि टॉर २ ही दोन जनुकं पुढे आली. १९९४ च्या सुमाराला बाल्टिमोरमध्ये सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेतल्या डेव्हिड सबातिनी या विद्यार्थ्याने, आणि हार्वर्डमध्ये स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने सस्तन प्राण्यांतलं तेच प्रथिन गाठलं. आज त्याला एमटॉर म्हणतात. २५४९ अमिनो आम्लांचं हे अवाढव्य प्रथिन यीस्टपासून माणसापर्यंत टिकून राहिलं आहे.

पण हे प्रथिन करतं काय? सुरुवातीला तेही विभाजनाच्या खात्यात जमा करण्यात आलं. हॉल यांच्या गटाला मात्र दिसत होतं, की टॉर बंद केलं की यीस्ट उपाशी असल्यासारखं वागतं. खाद्य समोर असूनही प्रथिननिर्मिती थांबवतं. म्हणजे टॉर हे वाढीचं नियंत्रण आहे आणि त्याचा हुकूम प्रथिननिर्मितीवर चालतो. हा निबंध अनेक नियतकालिकांनी परत पाठवला आणि अखेर १९९६ मध्ये छापून आला. वाढ आपोआप होते ही समजूत इतकी मुरलेली होती, की पुरावा समोर असूनही परीक्षकांना तो पटेना. २०१७ मध्ये हॉल यांना लास्कर पारितोषिक मिळालं ते याच कामासाठी.

इकडे मॉन्ट्रियलमध्येच, मॅक्गिल विद्यापीठात, दुसरा धागा विणला जात होता. जनुकातला मजकूर एमआरएनएच्या रूपाने रायबोसोमकडे येतो. या संदेशाच्या सुरुवातीच्या टोकाला एक रासायनिक टोपी असते. नाहुम सोनेनबर्ग यांनी १९७८ मध्ये, न्यू जर्सीत आरन शॅट्किन यांच्याकडे काम करत असताना, ही टोपी पकडणारं छोटं प्रथिन शोधून काढलं. ईआयएफ-४ई हे त्याचं नाव. टोपी या प्रथिनाच्या पकडीत आल्याशिवाय बहुतेक संदेशांचं वाचन सुरूच होत नाही. १९९० मध्ये सोनेनबर्ग यांच्या गटाने उंदराच्या पेशींत ईआयएफ-४ई जास्त प्रमाणात बनेल अशी व्यवस्था केली, आणि साध्यासुध्या पेशी कर्करोगाच्या पेशींसारख्या वागू लागल्या. यात धक्का देणारी गोष्ट ही, की तोवर कर्करोगाची जनुकं म्हणजे बाहेरचा निरोप आत नेणारी किंवा केंद्रकात बसून इतर जनुकं चालू-बंद करणारी, असं मानलं जात होतं. प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा एक साधा भाग नुसता जादा झाल्याने पेशी बिघडेल, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

असं का व्हावं? ईआयएफ-४ई पेशीत तुटपुंजं असतं. रेशनच्या दुकानात माल कमी आला की रांगेत पुढे असणाऱ्यांना मिळतो आणि मागचे रिकाम्या हाताने परततात. माल वाढला की मागच्यांचीही पाळी येते. पेशीच्या रोजच्या गरजेच्या प्रथिनांचे संदेश सुटसुटीत असतात, त्यांना पकड सहज मिळते. रांगेच्या शेवटी असतात ते लांबलचक, गुंतागुंतीच्या घड्यांचा आरंभ असलेले संदेश. त्यांत मिक, सायक्लिन डी१ आणि नव्या रक्तवाहिन्या खेचून आणणारं व्हीईजीएफ येतात, म्हणजे वाढीला आणि विभाजनाला फूस देणारी प्रथिनं. ईआयएफ-४ई वाढलं की एकूण प्रथिनं थोडीच वाढतात, पण ही घातक मंडळी भरपूर वाढतात. १९९४ मध्ये ईआयएफ-४ईला धरून ठेवणारी प्रथिनंही सापडली, ४ई-बीपी. त्यांच्यावर फॉस्फेट चढवून त्यांची मिठी सैल करतं कोण, तर एमटॉर. रापामायसिन दिल्यावर हे फॉस्फेट उतरतात, हे १९९६ मध्ये दिसलं. मॉन्ट्रियलमधून हाकललं गेलेलं औषध दहा-पंधरा वर्षांनी त्याच शहरातल्या शोधाला असं येऊन मिळालं.

तंबाखू, गुटखा आणि सुपारीने तोंडाचा कर्करोग घरोघरी पोहोचवलेल्या आपल्या भागात एका जुन्या निष्कर्षाची आठवण करून द्यायला हवी. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानातल्या गटाने तोंड आणि घशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांमध्ये कापलेल्या भागाच्या कडा तपासल्या. सूक्ष्मदर्शकाखाली कडा स्वच्छ, म्हणजे शल्यविशारदाच्या मते गाठ पूर्ण निघालेली. तरी ज्यांच्या कडांत ईआयएफ-४ई वाढलेलं होतं, त्यांच्यात आजार परतण्याचा धोका जास्त होता. पेशीचं रूप बिघडण्याआधी तिची प्रथिननिर्मिती बिघडलेली असते, असा याचा अर्थ मी लावतो. ही तपासणी रोजच्या कामात रुळली नाही याची मला खंत आहे.

एमटॉरचा दुसरा हात एस६ कायनेज हे एन्झाइम. रापामायसिन त्याला गप्प करतं हे १९९२ मध्येच कळलं होतं. १९९९ मध्ये बाझलच्या जॉर्ज थॉमस यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेल्या फळमाश्या तयार केल्या. जगल्या त्या खूपच लहान निघाल्या. मोजल्यावर कळलं, की त्यांच्या अंगातल्या पेशींची संख्या जवळजवळ नेहमीएवढीच आहे, प्रत्येक पेशी मात्र लहान आहे. वाढ आणि विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा इतका डोळ्यांना दिसणारा पुरावा त्याआधी माझ्या वाचनात नाही.

त्याच वर्षी फळमाशीच्या प्रयोगशाळांतून उलट बाजूही पुढे आली. गिगास नावाचा एक बदल माशीत पूर्वीपासून माहीत होता, ज्याने पेशी राक्षसी मोठ्या होतात. तो कोणत्या जनुकात आहे हे पाहिलं, तर ते निघालं माणसाच्या टीएससी२ चं भावंड. हे जनुक बिघडल्याने होणाऱ्या ट्यूबरस स्क्लेरोसिस (टीएससी) या आजाराचं वर्णन फ्रान्समध्ये बुर्नव्हिल यांनी १८८० मध्ये केलं होतं. या आजारात मेंदू, मूत्रपिंड, हृदय, त्वचा अशा ठिकाणी गाठी होतात आणि मेंदूतल्या गाठींत अवाढव्य पेशी दिसतात. टीएससी२ हे जनुक १९९३ मध्ये आणि टीएससी१ हे १९९७ मध्ये सापडलं, पण ती करतात काय हे कोडंच होतं. जवळजवळ एकशेवीस वर्षं डॉक्टर त्या राक्षसी पेशी बघत होते, आणि माशीच्या डोळ्यातल्या पेशींनी त्यांचा अर्थ सांगितला: ही जनुकं वाढीचा ब्रेक आहेत.

मग एकेक दुवा भराभर जोडला गेला. १९९७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दहाव्या गुणसूत्रावर पीटेन हे जनुक शोधलं होतं. मेंदू, स्तन, प्रोस्टेट अशा अनेक कर्करोगांत ते हरवलेलं असतं. वर्षभरात कळलं, की पेशीच्या आवरणातल्या एका स्निग्ध रेणूवरचा फॉस्फेट काढणं हे त्याचं काम. तो फॉस्फेट चढवतो कोण? लुइस कँटली यांनी १९८०च्या दशकात शोधलेलं पीआय३-कायनेज. त्या फॉस्फेटच्या खुणेवर एकेटी हे प्रथिन जागं होतं. त्याचा पहिला परिचय उंदरांमध्ये रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूत झाला होता. २००२ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवलं, की एकेटी टीएससी२ वर फॉस्फेट चढवून हा ब्रेक सैल करतं. पुढच्या वर्षी ब्रेक आणि एमटॉर यांच्यामधला रेब हा दुवा सापडला. अचानक नकाशा पुरा झाला. इन्सुलिनसारखा वाढीचा निरोप बाहेर आला, की पीआय३-कायनेज, एकेटी, टीएससी, रेब, एमटॉर अशा क्रमाने तो रायबोसोमच्या दारी पोहोचतो. आतड्यात मशासारख्या गाठी आणि ओठांवर काळे ठिपके असणाऱ्या पॉइट्स-येगर्स विकारातलं एलकेबी१ हे जनुकही इथेच येऊन बसलं. पेशीतली ऊर्जा घटली की ते एएमपीके या प्रथिनामार्फत टीएससीचा ब्रेक दाबतं. २००४ मध्ये बाल्टिमोरच्या बर्ट फोगलस्टाइन यांच्या गटाने पीआय३-कायनेजचं जनुक अनेक गाठींत वाचलं, तेव्हा मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या जवळपास एक तृतीयांश गाठींत ते बदललेलं आढळलं.

वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या आजारांच्या मागे लागलेल्या लोकांनी वेगवेगळ्या काळात शोधलेली ही जनुकं. कोणी विषाणूत, कोणी माशीत, कोणी दुर्मीळ आनुवंशिक विकाराच्या कुटुंबात. ती सगळी एकाच कळीवर बोट ठेवून होती, आणि ती कळ प्रथिननिर्मितीची. या मागोव्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

तरी एक शंका उरतेच. प्रथिनं जास्त बनणं हे कर्करोगाचं कारण की परिणाम? जोमाने वाढणाऱ्या पेशीत प्रथिनं जास्त असणारच. या शंकेचं उत्तर २००८ मध्ये मारिया बार्ना आणि दाविदे रुजेरो यांच्या उंदरांनी दिलं. मिक हे जनुक १९८२ पासून बर्किट लिंफोमातलं मुख्य आरोपी. ते रायबोसोम बनवणारी झाडून सगळी यंत्रणा कामाला लावतं, आणखीही शेकडो जनुकं हलवतं. बार्ना-रुजेरो यांनी मिक बेफाम असलेल्या उंदरांचा संकर रायबोसोमच्या एल२४ या प्रथिनाची एकच प्रत असलेल्या उंदरांशी केला. पिल्लांत मिक बेफामच राहिलं, पण प्रथिननिर्मिती नेहमीच्या पातळीवर आली. आणि लिंफोमा होण्याचं प्रमाण खूप घटलं. म्हणजे मिकला जे करायचं होतं ते करायला ही जादा प्रथिनं लागतात. ती काढून घेतली की त्याचं बळ जातं. इतका नेमका प्रयोग मी फार थोडे पाहिले आहेत. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं सुप्रसिद्ध पी५३ हे प्रथिनसुद्धा या कामावर नजर ठेवून असतं. रायबोसोमची जुळणी बिनसली, की सुटे पडलेले एल५ आणि एल११ हे भाग पी५३ ला आवरून धरणाऱ्या एमडीएम२ ला जखडतात, पी५३ त्याच्या तावडीतून सुटतं आणि पेशी थांबते.

आता औषधांकडे. नकाशा पूर्ण झाला तेव्हा आशा फार मोठी होती. २००७ मध्ये रापामायसिनचंच एक रूप, टेमसिरोलिमस, मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर मान्य झालं. जुन्या इंटरफेरॉनवर रुग्ण सरासरी ७.३ महिने जगत, नव्या औषधावर १०.९ महिने. २००९ मध्ये गोळीच्या रूपातलं एव्हरोलिमस आलं, २०१२ मध्ये ते स्तनाच्या कर्करोगातही वापरात आलं. काही महिने मिळाले. रुग्णाच्या घरात त्या महिन्यांची किंमत काय असते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांना किरकोळ म्हणणार नाही. पण जनुकांनी दाखवलेल्या आशेच्या मानाने ते थोडे होते.

कारण शोधल्यावर दोन गोष्टी कळल्या. एमटॉरच्या हाताखालचं एस६ कायनेज वरच्या इन्सुलिनच्या निरोपाला आवर घालत असतं. रापामायसिनने ते बंद केलं, की तो आवर सुटतो आणि एकेटी अधिकच चेकाळतं. शिवाय रापामायसिन ४ई-बीपीवरचे फॉस्फेट पूर्ण उतरवत नाही, त्यामुळे ईआयएफ-४ईची वाट अर्धी उघडीच राहते. २०१२ मध्ये कोणता संदेश किती वाचला जातोय हे थेट मोजण्याची रीत वापरून सबातिनी आणि रुजेरो यांच्या गटांनी एमटॉर पूर्ण बंद केल्यावर काय होतं ते पाहिलं. सर्वांत आधी थांबले ते रायबोसोमच्याच प्रथिनांचे संदेश. यंत्रं बनवणारी यंत्रणाच आधी बंद होते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कहून आलेली बातमी मला जास्त बोलकी वाटते. मूत्राशयाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या ४५ रुग्णांवर एव्हरोलिमसची चाचणी झाली होती. एकूण निकाल निराशाजनक होता. पण एका रुग्णाचा आजार पूर्ण नाहीसा झाला आणि दोन वर्षांहून अधिक काळ परतला नाही. तिच्या गाठीचा सगळा जनुकसंच वाचला, तेव्हा टीएससी१ तुटलेलं सापडलं. औषध निकामी नव्हतं. ज्याची गरज होती त्या गाठीपर्यंत ते पोहोचलं तेव्हा त्याने काम केलं. सरासरी काढताना ही एक व्यक्ती हरवून गेली असती. २०१९ मध्ये मान्य झालेलं अल्पेलिसिब याच धड्यावर बेतलेलं आहे. पीआय३-कायनेजच्या जनुकात बदल असेल, तरच ते स्तनाच्या कर्करोगात देतात, आणि चाचणीत अशा रुग्णांत आजार वाढण्याआधीचा काळ ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. रक्तातली साखर वाढते, हा त्याचा नेहमीचा त्रास. इन्सुलिनचा निरोपही त्याच वाटेने जातो, तेव्हा तो टळणं कठीणच.

इथे एक इशारा देणं भाग आहे. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या वृद्ध उंदरांना रापामायसिन दिल्यावर त्यांचं आयुष्य वाढलं, माद्यांचं १४ टक्के आणि नरांचं ९ टक्के. तेव्हापासून धडधाकट माणसं तारुण्य टिकवायला ही गोळी घेतात. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. प्रतिकारशक्ती दाबणारं, जखम भरून येणं लांबवणारं हे औषध आहे. माणसाचं आयुष्य त्याने वाढतं असं कोणी दाखवलेलं नाही.

या सगळ्या शोधाचं सर्वांत पक्कं फळ हाती आलं ते मात्र कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर. ट्यूबरस स्क्लेरोसिस, म्हणजे टीएससी, असलेल्या मुलांत ब्रेक जन्मतःच तुटलेला असतो, त्यामुळे औषध नेमक्या बिघाडावर पडतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेंदूतल्या गाठी असलेल्या २८ रुग्णांपैकी २१ जणांच्या गाठी एव्हरोलिमसने सहा महिन्यांत किमान ३० टक्के आकसल्या. २०१८ मध्ये अमेरिकेत या आजारातल्या फिट्सवरही, दुसऱ्या औषधांच्या जोडीला, ते मान्य झालं. भारतात सिरोलिमस (म्हणजे रापामायसिनच) आणि एव्हरोलिमस ही दोन्ही औषधं जेनेरिक स्वरूपात मिळतात.

जन्मणाऱ्या सुमारे ६००० बाळांपैकी एकाला हा आजार असतो. बाळाला फिट्स येत असतील आणि अंगावर पानाच्या आकाराचे पांढुरके चट्टे असतील, तर ते कोड समजून लपवू नका आणि फिट्सचं औषध चालू आहे म्हणून गप्प राहू नका. मोठ्या मुलाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना मुरुमांसारखे लालसर फोड वर्षानुवर्षं हटत नसतील, तर तेही डॉक्टरांना दाखवा आणि दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. मेंदूविकारतज्ज्ञांना ‘हे टीएससी असू शकेल का’ असं स्पष्ट विचारा, आणि त्यांनी सांगितलेली मेंदूची, मूत्रपिंडाची व हृदयाची तपासणी वेळेत करून घ्या.